पगार सोडून नोकरीत मोजायचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, सात वर्षं एकाच ठिकाणी अकाउंट्सला आहे. आता दुसरीकडून ऑफर आलीय, पगार जवळजवळ दीडपट. घरचे म्हणतात विचार कसला करतेस, जॉईन हो. पण तिथे काम करणारी एक ओळखीची मुलगी म्हणाली की संध्याकाळी वेळेवर उठलं तरी सगळे माना वळवून बघतात. मला इथे बरं वाटतं, पण हे ‘बरं वाटतं’ दीडपट पगारासमोर मांडायचं कसं? पगाराला आकडा असतो, बाकी कशाला नसतोच ना. काही मोजायची पद्धत आहे का?

उत्तर : आहे, आणि चांगली आहे. युरोपियन युनियनची युरोफाउंड नावाची संस्था १९९०च्या दशकापासून दर काही वर्षांनी हजारो कामगारांना भेटून हेच मोजते. कमाई हा त्यात सातातला फक्त एक भाग. बाकीचे सहा म्हणजे कामाचा रेटा, कामाच्या वेळा, शरीराला होणारा त्रास, आजूबाजूची माणसं, शिकायला मिळणं आणि आपलं काम आपण ठरवायची मुभा, आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते. या सातांची बेरीज करून एकच मार्क देत नाहीत, आणि मला ते अगदी पटतं, कारण बॉस रोज अपमान करत असेल तर तो पगाराने भरून निघत नाही.

पण खरी गंमत प्रश्न कसे विचारतात त्यात आहे. ‘नोकरीत समाधानी आहात का’ असं विचारलं की बरेच जण हो म्हणून मोकळे होतात, कारण माणूस सवय करून घेतो, अपेक्षाच कमी करून टाकतो. म्हणून तिथे विचारतात, घरच्या कामासाठी ऑफिसच्या वेळेत तासभर बाहेर पडणं तुम्हाला किती सोपं जातं?

हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबलेच. माझ्या एका जुन्या नोकरीत पगार खरंच छान होता, पण आईचे रिपोर्ट आणायला दुपारी तासभर जायचं म्हटलं की आधी टीम लीडला मेसेज, मग मॅनेजरला मेल, मग ‘आजच जायला हवं का?’, आणि शेवटी मी विचारायचंच सोडलं, शेजारच्या मुलाला पाठवायला लागले. तेव्हा मला कोणी समाधानी आहेस का विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, मनापासून म्हटलं असतं.

ही मुभा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हे नुसतं माझं मत नाही. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की नुसत्या जास्त कामाने माणूस तितका पिचत नाही, काम जास्त आणि ठरवायचा हक्क कमी असं झालं की पिचतो. पुढे लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून जो मोठा अभ्यास चालू झाला, त्यातही कामावर स्वतःचा ताबा कमी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला.

तासांचं तर साधं गणित आहे. पगार दीडपट झाला पण जाण्यायेण्यासकट आठाचे बारा तास झाले तर ताशी पगार होता तेवढाच राहिला, वर संध्याकाळ गेली ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

पगार गौण आहे असं मी म्हणणार नाही हं. डोक्यावर कर्ज असेल, घरात एकटीच कमावती असाल तर आधी तेच बघा, त्यात काही चूक नाही.

पण निर्णयाआधी त्या ओळखीच्या मुलीला परत फोन करा, ‘तिथे कसं आहे’ असं मोघम नको, नेमकं विचारा. गेल्या महिन्यात किती दिवस वेळेवर निघालीस, रजा मागितली तर कोण काय म्हणालं, चूक झाली तेव्हा सगळ्यांसमोर बोलले की बाजूला घेऊन, कामाचा क्रम तू ठरवतेस की सकाळी मेसेज येतो, वर्षभरात नवीन काय शिकलीस, तुझ्या टीममधून किती जण सोडून गेले. मग हेच सगळे प्रश्न तुमच्या आत्ताच्या नोकरीबद्दल स्वतःला विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी लिहून काढा, आत्ताच्या नोकरीच्या बाजूलाही काही ओळी टोचतील, त्याही तशाच लिहा.