शिक्षा भोगलेला चालक स्कूलबसवर चालेल का?

प्रश्न : आमच्या मुलांच्या स्कूलबसचा चालक अठराव्या वर्षी घरफोडीत सापडला होता, शिक्षाही भोगून आला, असं आता कळलंय. त्याला बारा वर्षं झाली; नंतर पोलीस-कोर्ट काही नाही. त्याला काढा म्हणून पालकांनी अर्ज तयार केलाय. सही करू का? – एक आई

उत्तर : ताई, नका करू. चालकांची भरती आणि ट्रेनिंग यांतच माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून बोलतो. ‘शिक्षा झालेला नकोच’ हा नियम डोक्याला ताप देत नाही, म्हणून आवडतो. अमेरिकेत मिसूरी पॅसिफिक रेल्वेचा तसाच होता. सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेल्या एकाला तिने कारकुनीही दिली नाही. 1975 मध्ये कोर्टाने ही सरसकट बंदी मोडीत काढली. गुन्हा काय, किती जुना आणि काम कुठलं, हे निकष पुढे त्याच खटल्यातून रूढ झाले.

मला त्यातलं ‘काम कुठलं’ महत्त्वाचं वाटतं. मुलांवर अत्याचार केलेला माणूस या सीटवर कधीच नको, कितीही वर्षं लोटोत. पिऊन गाडी चालवली तर तिकडे व्यावसायिक चालकाला पहिल्या वेळी किमान वर्षभर उतरवतात, दुसऱ्यांदा कायमचं. (दहा वर्षांनी फेरविचार होऊ शकतो, मला तो पटत नाही.) पण घरफोडीचा स्टिअरिंगशी काय संबंध?

न्यूयॉर्कमधल्या 1980 च्या अटकांवरचा एक अभ्यास 2009 मध्ये आला. अठराव्या वर्षी पहिल्यांदा घरफोडीत पकडलेला मुलगा पुन्हा सापडला नाही, तर साधारण चार वर्षांत त्याचा धोका समवयस्कांइतकाच उरतो, असं त्यात दिसलं. इथे तर बारा झाली.

नोकरीला लागताना त्याने हे मालकाच्या कानावर घातलं होतं का, एवढं मात्र विचारा. विचारूनही लपवलं असेल, तर मीही त्याची बाजू घेणार नाही.

आणखी एक बघा. शेवटच्या थांब्यानंतर चालकाने मागच्या सीटपर्यंत चालत जायचं, वाकून बघायचं. एखादं पोर झोपून राहिलेलं असतं. आरशात ते दिसत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्ही मुद्दाम शेवटच्या सीटखाली दप्तर सरकवून ठेवायचो. ते न आणता खाली उतरणारा नापास, मग त्याचं रेकॉर्ड कितीही स्वच्छ असो. तुमचा चालक मागे जाऊन बघतो का? नसेल, तर अर्ज जरूर करा, पण कारण हेच लिहा.