राज्यसभेचा अभ्यास सुरू करताय? आधी एवढंच पक्कं करा

राज्यसभेबद्दल वाचायला घेतलंत, फार बरं वाटलं. सुरुवातीला कलमांची यादी पाठ करू नका.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे राज्यसभा आणि आपली विधान परिषद यांची गल्लत. राज्यसभेचे खासदार विधानसभेचे निवडून आलेले आमदार निवडतात. विधान परिषदेच्या आमदारांना तिथे मत नसतं. महाराष्ट्राच्या जागा 19, गोव्याची 1.

दुसरी चूक: 'राज्यसभेला अधिकारच नाहीत' असं धरून चालणं. धनविधेयक (कर आणि सरकारी खर्चासारख्या पैशांच्या बाबींचं विधेयक) ती फक्त 14 दिवस रोखू शकते, हे खरं. साध्या विधेयकावर लोकसभा आणि राज्यसभा यांच्यात मतभेद झाला तर दोघांची संयुक्त बैठक बोलावता येते (आजवर तीनदाच झाली: 1961, 1978, 2002). पण घटनादुरुस्तीला संयुक्त बैठकीची वाटच नाही; ती दोन्ही सभागृहांत वेगवेगळी संमत व्हावी लागते. 1989 चं उदाहरण नीट वाचा. राजीव गांधींकडे लोकसभेत चारशेहून अधिक खासदार होते, तरी पंचायत राजचं 64 वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत दोन तृतीयांश मतांअभावी पडलं. पुढे 1992 मध्ये पंचायत राजचीच 73 वी घटनादुरुस्ती संमत झाली. या एका प्रकरणातून राज्यसभेची ताकद जितकी कळते तितकी कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

आणि हो, राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

राज्यसभेच्या निवडणुकीतल्या पसंतीक्रमाच्या मतांचं गणित आत्ता बाजूला ठेवा. त्याऐवजी कुठल्याही एका विधेयकावरची दोन्ही सभागृहांतली भाषणं शेजारी ठेवून वाचा. 1952 पासूनची इतिवृत्तं उपलब्ध आहेत. अडलं की विचारा.