पक्षी-प्रश्नोत्तरे : हिरवा अरासारी, टूकन कुळातला छोटा पक्षी

गेल्या वेळी टूकन, म्हणजे अमेरिका खंडातील मोठ्या चोचीच्या पक्ष्यांच्या, कुळातील लहान पक्ष्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेले बहुतेक प्रश्न गयाना, सुरीनाम, फ्रेंच गयाना, पूर्व व्हेनेझुएला आणि ईशान्य ब्राझील येथील सखल प्रदेशातल्या जंगलांत राहणाऱ्या हिरव्या अरासारीविषयी होते. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : छायाचित्रात हा पक्षी आपल्या धनेशासारखाच दिसतो. दोघांचे काही नाते आहे का?

जवळचे नाते नाही. टूकन कुळाचा समावेश सुतार आणि तांबट या पक्ष्यांच्या गणात होतो, तर कोकणात व गोव्यात आढळणारा मलबारी कवड्या धनेश वेगळ्या गणातला आहे. म्हणजे चोचीवरून ज्याला आपण धनेशाचा भाऊबंद समजतो, तो खरे तर मुंबईतल्या वडा-पिंपळांवर टुकटुक करणाऱ्या तांबटाला अधिक जवळचा आहे. पायांची बोटे पाहिली की शंका उरत नाही : अरासारीची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, तर धनेशाची तीन बोटे पुढे असतात. बारीक फांद्यांच्या टोकाची फळे बसल्या जागेवरून तोडण्यासाठी लांब चोच दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे विकसित झाली. धनेशाची मादी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. तशी रीत टूकन कुळात मुळीच नाही.

प्रश्न : एवढी मोठी चोच घेऊन हा पक्षी उडतो कसा?

चोच दिसते तितकी जड नसते. बाहेरून केराटिनचे (आपली नखे ज्याची बनतात त्या द्रव्याचे) पातळ कवच आणि आत हाडाच्या सूक्ष्म काड्यांची जाळीदार, हवेने भरलेली रचना, अशी तिची घडण असते. टोको टूकन या सर्वांत मोठ्या जातीत चोच शरीराच्या लांबीच्या सुमारे एक तृतीयांश असूनही तिचे वजन शरीराच्या वजनाच्या विसाव्या भागाइतकेच भरते. याच जातीवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, चोचीतला रक्तप्रवाह कमी-अधिक करून पक्षी शरीरातील उष्णता बाहेर टाकतो किंवा राखून ठेवतो. हिरव्या अरासारीवर असे मापन झाल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून तो निष्कर्ष मी त्याला परस्पर लावणार नाही. फळ चोचीच्या टोकात धरायचे आणि मान मागे झटकून घशात टाकायचे, ही खाण्याची पद्धत मात्र सगळ्या कुळाची आहे.

प्रश्न : नर-मादी कसे ओळखावेत आणि घरटे कोठे असते?

टूकन कुळातील बऱ्याच जातींत नर-मादी सारखेच दिसतात. येथे मात्र फरक ठळक आहे. नराचे डोके व गळा काळा असतो, तर मादीचे तेच भाग तांबूस तपकिरी असतात. दोघांचीही पाठ हिरवी, पोट पिवळे आणि शेपटीच्या मुळाशी लाल रंग असतो. लांबी ३० ते ३९ सेंटिमीटर आणि वजन साधारण ११० ते १६० ग्रॅम. टूकनची चोच लाकूड कोरण्याच्या कामाची नसल्यामुळे हे पक्षी झाडातील तयार पोकळीत किंवा सुतारांनी सोडलेल्या ढोलीत अंडी घालतात, आणि मोठ्या टूकनला ज्या ढोलीत शिरता येणार नाही तीही या लहान पक्ष्याला पुरते. अंडी २ ते ४, पांढरी. टूकनची पिल्ले उघडीबोडकी जन्मतात आणि ढोलीच्या खडबडीत तळावर बसता यावे म्हणून त्यांच्या घोट्यांवर जाड गाद्या असतात.

प्रश्न : एक विक्रेता हा पक्षी पाळण्यासाठी देऊ करतो आहे. घ्यावा का?

माझे मत विचाराल तर घेऊ नये. ही जात वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्यानेच करता येतो. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तेव्हा विक्रेत्याकडे कागदपत्रे मागा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तेथेच थांबवा. दुसरी अडचण आहाराची आहे. पिंजऱ्यातील टूकन कुळाच्या पक्ष्यांच्या यकृतात लोह साठून ते दगावण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे त्यांना कमी लोहाचे खाद्य द्यावे लागते, आणि क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढत असल्याने संत्री-मोसंबीसारखी फळेही टाळावी लागतात. पोपटाचे तयार खाद्य त्यांना चालत नाही.

प्रश्न : सुरीनामला जाण्याचा योग आहे. हा पक्षी तेथे नक्की कसा ओळखावा?

ही जात सध्या धोक्यात मानली जात नाही आणि सुरीनामचा नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग जंगलाखाली आहे, त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही. फळांनी लगडलेले झाड शोधून सकाळी त्याच्या शेंड्याकडे लक्ष ठेवावे. घोटाळा होतो तो त्याच जंगलातल्या, आकाराने थोड्या मोठ्या काळ्या मानेच्या अरासारीशी. त्याच्या पिवळ्या पोटावर आडवा लाल पट्टा असतो. हिरव्या अरासारीचे पोट सलग पिवळे असते.