पिको बोर्ड पहिल्यांदा हातात घेताना

रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतलात, छान केलंत! गेम कन्सोलचा कंट्रोलर स्वतः बनवायचा तर मी सगळ्यांना हाच बोर्ड सुचवतो. याचा बूटलोडर (बोर्डवर नवा प्रोग्राम चढवू देणारा छोटा प्रोग्राम) चिपच्या रॉममध्ये, म्हणजे पुसता न येणाऱ्या मेमरीत असतो, त्यामुळे चुकीची फाइल टाकलीत तरी बोर्ड कायमचा बंद पडत नाही. बिनधास्त करून बघा.

सोल्डरिंगला एवढ्यात हात घालू नका. बोर्डवरचं बूटसेल (BOOTSEL) बटण दाबून धरा, तसंच धरून यूएसबी केबल लावा आणि मग सोडा. कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखा ‘आरपीआय-आरपी२’ (RPI-RP2) ड्राइव्ह दिसेल. त्यात जीपी२०४०-सीई (GP2040-CE) या फर्मवेअरची, म्हणजे बोर्डला गेम कंट्रोलर बनवणाऱ्या प्रोग्रामची, यूएफ२ (.uf2) फाइल कॉपी करा. ड्राइव्ह अचानक गायब होईल. घाबरू नका, बोर्ड नव्या फर्मवेअरवर सुरू झालेला असतो. आता वायरचं एक टोक ग्राउंड (GND) पिनला आणि दुसरं जीपी६ (GP6) पिनला टेकवा. गेमपॅड टेस्टरमध्ये (कंट्रोलरची बटणं तपासणाऱ्या वेबपेजवर) बटण उजळलं की अर्धी लढाई जिंकलात.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- फक्त चार्जिंगची केबल वापरणं. ड्राइव्ह दिसत नसेल तर आधी केबल बदला.
- पिन मोजण्यात गफलत. जीपी६ म्हणजे बोर्डवरची सहावी पिन नव्हे, ती नववी आहे! पिनआउटचा (कोणती पिन कुठे आहे ते दाखवणारा) कागद समोर ठेवाच.
- जीपी पिनला ५ व्होल्ट देणं. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत, चिप खरोखर जळते.

प्लेस्टेशन ५ चं ऑथेंटिकेशन (कंट्रोलर अधिकृत आहे का, ही कन्सोलची तपासणी) वगैरे सध्या बाजूला ठेवा. चार दिशा आणि दोन बटणं नीट चालली की इथे कळवा, पुढचं तेव्हा सांगतो.