दापोलीजवळच्या वाडीत दोघांपुरते घर

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आमची वडिलोपार्जित नारळ-सुपारीची वाडी आहे. दिवाळीनंतर तेथे सुमारे ३२० चौरस फुटांचे, आधुनिक पद्धतीचे छोटे घर बांधून ते पर्यटकांना दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने द्यावे, असा विचार आहे. समुद्राच्या बाजूची संपूर्ण भिंत काचेची आणि वर सपाट स्लॅब असावा, असे मुलाचे मत आहे. तयार लोखंडी कंटेनर आणून ठेवण्याचाही सल्ला मिळाला आहे. आम्ही ठाण्याला राहतो, देखभाल शेजारचे कुटुंब करील. आराखडा करताना कशाकडे लक्ष द्यावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही ठाण्याला राहणार आणि घर शेजारी सांभाळणार, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब आहे. मालक जवळ नसला की लहानसा दोषही महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि कोकणात असा दोष पहिल्याच पावसात वर येतो. म्हणून हा आराखडा जानेवारीतल्या संध्याकाळसाठी न करता जुलैतल्या संततधारेसाठी करावा, असा माझा आग्रह आहे.

काचेच्या भिंतीबद्दल आधी लिहितो. आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आणि पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून. म्हणजे जी बाजू उघडी टाकावीशी वाटते, तिच्यावरच पाऊस आडवा येतो आणि उन्हाळ्यात दुपारचे ऊनही तिच्यावरच पडते. सरकत्या काचेच्या खालच्या पट्टीत साचलेले पाणी वाऱ्याच्या जोराने आत ढकलले जाते. अशा एका घरात मी जुलैत गेलो होतो, तेव्हा काचेलगत जुने टॉवेल गुंडाळून ठेवलेले होते आणि गादीचा त्या बाजूचा कोपरा हाताला ओलसर लागत होता. तुम्ही पश्चिमेला घराच्या पूर्ण लांबीची, निदान ८ फूट रुंद पडवी काढा आणि हवी तेवढी काच तिच्या आतल्या भिंतीत बसवा. वाडीतून समुद्र दिसतो तरी किती, हेही एकदा तेथे उभे राहून पाहावे. बहुधा माडांच्या खोडांमधून त्याची गाज तेवढी येत असेल. ती ऐकत बसायला पडवीसारखी जागा नाही, आणि पावसात पाहुण्यांचे ओले कपडे वाळायलाही तीच उपयोगी पडते.

सपाट स्लॅब टाळावा. त्यावर पाणी आणि पालापाचोळा साचतो, तुंबलेल्या पन्हाळीकडे वेळेवर कोणी पाहत नाही आणि ओल खाली उतरते. उतरते छप्पर घ्या, वळचण भिंतीच्या बाहेर ३ फूट तरी येऊ द्या. मंगलोरी कौले मलाही फार आवडतात. पण वाडीत वानरे असतील तर ती दर वर्षी फुटतात, आणि वर चढून कौले परतणारे माणूस आता सहज मिळत नाही. चांगल्या जाडीचे पत्रे, त्यांखाली उष्णतारोधक थर आणि आतून लाकडी तक्तपोशी (फळ्यांचे आतले छत) केली, तर पावसाचा आवाजही सोसवेल इतका कमी होतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात किती घरांचे छप्पर उडाले, ते तुमच्या शेजाऱ्यांना आठवत असेल. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे, भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने पक्क्या जखडल्या आहेत, हे स्वतः उभे राहून पाहा. घर माडाच्या अगदी खाली नको; नारळ तर पडतोच, पण भिजलेली झावळीही काही हलकी नसते.

कंटेनर खाऱ्या हवेत गंजतो आणि एप्रिल-मेमध्ये तापतो. त्यापेक्षा जांभ्याच्या भिंती बऱ्या, मात्र जांभा पाणी शोषतो, म्हणून जोते अडीच फूट उंच घ्यावे आणि जोते भरतानाच वाळवीचा बंदोबस्त करावा.

आतली मांडणी ठरवताना ते शेजारचे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवा. सकाळी एक पाहुणे निघतात, दुपारी दुसरे येतात; मधल्या दोन-तीन तासांत केर, लादी, चादरी, न्हाणीघर सगळे व्हायचे असते. पलंगाखाली झाडू सरळ जाईल एवढी उंची हवी, नाहीतर तो तळापर्यंत बंद हवा. चादरी, टॉवेल, फिनेल यांसाठी बाहेरून उघडणारी, कुलपाची कोठडी ठेवली तर घरात कपाटे कमी लागतात. न्हाणीघरात अंघोळीची जागा दोन इंच खाली घ्यावी, म्हणजे उरलेली लादी कोरडी राहते. पडवीच्या पायरीपाशी पाय धुण्याचा नळ आवर्जून द्या. किनाऱ्यावरची वाळू तेथेच अडली नाही, तर ती गादीपर्यंत पोहोचते.

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान ६० फूट दूर आणि विहिरीपेक्षा खालच्या उतारावर घ्यावा, कारण जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपते. किनारपट्टी नियमनाची हद्द, शेतजमिनीच्या अकृषिक (बिगरशेती) वापराचे सध्याचे नियम आणि ग्रामपंचायतीची परवानगी यांची चौकशी नकाशा काढण्यापूर्वीच करून घ्यावी.

बांधकाम दिवाळीनंतरच सुरू होणार असल्याने मध्ये एक पावसाळा तुमच्या हातात आहे. जुलैत दोन दिवस तेथे जा, मुलालाही न्या. पाणी कोठून येते, कोठे थांबते, वारा कोणत्या माडांमधून घुसतो, हे पाहून जागेच्या चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि आराखडा त्यानंतर काढायला द्या.