वाचकांचे प्रश्न : बढती दिली, पण व्यवस्थापक घडला का?

प्रश्न : आमच्या संस्थेतील सर्वांत निष्णात अभियंत्याला गेल्या वर्षी गटप्रमुख केले. तेव्हापासून तो इतरांचे काम स्वतःच दुरुस्त करत बसतो. गटातील माणसे नाराज आहेत आणि तोही वैतागला आहे. त्याला मूळ कामावर परत पाठवले तर तो त्याचा अपमान ठरेल. काय करावे?

उत्तर : ही स्थिती इतकी सर्रास आढळते की लॉरेन्स पीटर यांनी 1969 मध्ये तिचा नियमच मांडला. हातातले काम चांगले करणारा माणूस पायरी-पायरीने वर चढत जातो आणि ज्या पायरीवरचे काम त्याच्या कुवतीबाहेरचे असते तिथे अडकून राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. पीटर यांनी ते उपरोधाने लिहिले होते. परंतु बेन्सन, ली आणि श्यू या संशोधकांनी अनेक अमेरिकी कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते त्याला दुजोराच देतात. जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, पण त्यांच्या हाताखाली आलेल्या माणसांची कामगिरी मात्र घसरली. याउलट, सहकाऱ्यांबरोबर मिळून विक्री करण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता, ते व्यवस्थापक म्हणून सरस ठरले.

तरीही आपला अभियंता या पदाला अपात्र आहे, असा निष्कर्ष इतक्यात काढू नये. गेल्या वर्षभरात त्याच्या वरिष्ठांनी त्याला कोणते प्रश्न विचारले, हे आधी पाहावे. काम वेळेत झाले का आणि चुका किती निघाल्या, एवढेच विचारले गेले असेल, तर स्वतः बसून चुका निस्तरणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. नवे काम कोणते आहे हे त्याला कुणी सांगितलेले नाही आणि त्याचे मोजमापही बदललेले नाही. म्हणून यापुढच्या मूल्यमापनात, सहा महिन्यांपूर्वी त्याच्यावाचून अडणारी कोणती कामे गटातील माणसे आता स्वतंत्रपणे करतात, हा प्रश्न पहिला असावा. सुरुवातीला एखादे मध्यम जोखमीचे काम त्याने गटातील एकाकडे निर्णयाच्या अधिकारासह सोपवावे, कोणत्या टप्प्यावर आपल्याला कळवायचे ते आधीच ठरवावे आणि मधल्या काळात हात आवरावा. चूक दिसली तर ती दुरुस्त न करता, हा मार्ग का निवडला, असे विचारून काम परत द्यावे. यात वेळ जातो, आणि तेवढा वेळ देण्याची संस्थेची तयारी नसेल तर गटप्रमुखाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या वरिष्ठानेही पंधरवड्यातून एकदा त्याच्याशी कामाविषयी नव्हे, तर माणसांविषयी बोलावे : कोण पुढे सरकते आहे, कोणाशी बोलणे टाळले जाते आहे आणि का.

एवढे करूनही त्याला हे काम नकोसेच वाटत असेल, तर परतीची वाट सन्मानाची असायला हवी. (बढती देण्यापूर्वी त्याची इच्छा विचारली होती का, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही.) अपमान मूळ कामात नसतो, तिकडे परतताना पगार आणि हुद्दा खाली येतो, यात असतो. तांत्रिक तज्ज्ञासाठी व्यवस्थापकाच्या बरोबरीचे वेतन आणि दर्जा असलेली वेगळी श्रेणी अनेक संस्था ठेवतात. ती नसेल तर माणसे सांभाळण्याची मुळीच आवड नसलेले लोकही केवळ पगारवाढीसाठी प्रमुख होत राहतील.

प्रश्न : आम्ही व्यवस्थापकांना दरवर्षी नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवतो. परतल्यावर ते खूश असतात, पण कामात काही फरक पडत नाही. प्रशिक्षण देणारी संस्था बदलावी का?

उत्तर : तेवढ्याने फारसे साधणार नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार टप्पे मांडले होते : सहभागींची प्रतिक्रिया, प्रत्यक्ष झालेले शिक्षण, कामावरील वर्तनातला बदल आणि संस्थेला मिळालेले फळ. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे फॉर्म भरून घेणारी संस्था पहिल्याच टप्प्यावर थांबलेली असते. शिकलेले कामात उतरणे हे शिकवणाऱ्याइतकेच परतल्यावर भेटणाऱ्या वरिष्ठावर अवलंबून असते. म्हणून व्यवस्थापकाला पाठवण्यापूर्वीच, परतल्यावर तो कोणते काम हाती घेणार आणि त्यात वरिष्ठ त्याला कोणती मोकळीक देणार, हे दोघांनी मिळून ठरवावे. असे काम सापडत नसेल तर त्या वर्षी त्याला पाठवू नये.

शिक्षणाचा 70 टक्के भाग अनुभवातून, 20 टक्के इतरांकडून आणि 10 टक्के वर्गातून होतो, हे सूत्र आपल्याला अनेकदा ऐकवले गेले असेल. अधिकाऱ्यांनी आपापल्या वाटचालीविषयी आठवून सांगितलेल्या माहितीवर ते उभे आहे. त्याची दिशा पटण्यासारखी असली, तरी खर्चाची वाटणी त्या आकड्यांवरून करू नये.

प्रश्न : व्यवस्थापकांविषयी त्यांच्या हाताखालच्यांकडून निनावी अभिप्राय घ्यावा का?

उत्तर : घ्यावा, पण पगारवाढीशी जोडू नये. क्लूगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने अभिप्रायाचा उपयोग झाला होता, मात्र एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी कामगिरी उलट खालावली. अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की त्याचा परिणाम कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्यामुळे ‘ते नेतृत्वगुणांत कमी पडतात का’ असे विचारण्याऐवजी ‘बैठकीत आपले म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जाते का’ अशा नेमक्या वागण्याविषयी विचारावे. गट तीन-चार जणांचाच असेल तर निनावीपणा नावापुरताच उरतो. तिथे वरिष्ठाने प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे अधिक योग्य.