वाचकांचे प्रश्न : मनोरा नसलेल्या धावपट्टीवर

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत विमान चालवायला शिकते आहे. तिच्या विमानतळावर नियंत्रण मनोराच नाही, असे तिने परवा फोनवर सहज सांगितले आणि तेव्हापासून आमची झोप उडाली आहे. उतरायला परवानगी देणारे कोणीच नसेल, तर दोन विमाने एकाच वेळी धावपट्टीवर येणार नाहीत कशावरून?
— एक पालक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते त्या देशात नेहमीचे आहे. अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांपैकी ५००च्या आसपास ठिकाणीच मनोरा आहे. बाकी सगळीकडे वैमानिक एकमेकांना सांगून, एकमेकांना पाहून आणि ठरलेल्या वाटेने फिरून उतरतात. या वाटेला सर्किट म्हणतात. जमिनीपासून साधारण १,००० फुटांवर, वेगळी सूचना नसेल तर सगळी वळणे डावीकडे घेत, विमान आधी धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते, मग आडवे वळते आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येते. या शेवटच्या टप्प्याला फायनल म्हणतात. फायनलवरच्या विमानाचा हक्क इतर सर्वांच्या आधीचा असतो, आणि दोन विमाने उतरायला येत असतील तर खालच्या विमानाचा हक्क पहिला. मात्र त्या हक्काच्या जोरावर दुसऱ्याच्या पुढे घुसायला नियमाने मनाई आहे.

बोलण्यासाठी विमानतळाची एक सामाईक रेडिओ फ्रिक्वेन्सी असते. सुमारे १० मैलांवरून वैमानिक आपण कोण, कुठे आहोत आणि काय करणार आहोत हे सांगू लागतो. सांगताना तो सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचे नाव घेतो, कारण तीच फ्रिक्वेन्सी आसपासचे दुसरे विमानतळही वापरत असतात.

या पद्धतीत दुखरी जागा कोठे आहे, हे क्विन्सीचा अपघात सांगितल्याशिवाय समजणार नाही. आपली काळजी त्याने वाढेल याची मला जाणीव आहे, तरीही तो सांगतो, कारण मनोरा नसलेल्या ठिकाणी उडणाऱ्या प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला तो बारकाव्यांसह माहीत असायला हवा असे मला मनापासून वाटते.

१९ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळचे पाच वाजलेले. इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी येथे युनायटेड एक्सप्रेसचे बीचक्राफ्ट १९००सी हे छोटे प्रवासी विमान १३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरायला येत होते. तिला छेदणाऱ्या ४ क्रमांकाच्या धावपट्टीवर किंग एअर जातीचे विमान उड्डाणासाठी उभे होते. (धावपट्टीचा क्रमांक दिशेवरून येतो, ४ म्हणजे ४० अंश आणि १३ म्हणजे १३० अंश, म्हणून या दोन पट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदतात.) किंग एअरच्या मागे एक लहान चेरोकी विमान आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. चार नंबरवरचे विमान थांबणार आहे की उडणार आहे, असे उतरणाऱ्या विमानातून रेडिओवर विचारले गेले. किंग एअरकडून काहीच उत्तर आले नाही. बोलला तो चेरोकीचा वैमानिक. आपण थांबलो आहोत, असे तो सांगत असतानाच उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये जमिनीपासूनची उंची सांगणाऱ्या यंत्राचा आवाज मध्ये आला आणि त्याचे बोलणे तुटक पोचले. किंग एअरनेच थांबण्याचे कबूल केले, असा तिथल्या वैमानिकांचा समज झाला आणि त्यांनी आभारही मानले. चेरोकीच्या वैमानिकाने हा गैरसमज दूर केला नाही. किंग एअरने धाव घेतली आणि जिथे पट्ट्या छेदतात तिथेच दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. प्रवासी विमानातले १२ आणि किंग एअरमधले २, असे १४ जण मृत्युमुखी पडले.

चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण असे नोंदवले की, किंग एअरच्या वैमानिकांनी सामाईक फ्रिक्वेन्सीकडे नीट लक्ष दिले नाही किंवा आजूबाजूला नीट पाहिले नाही. माझ्या मते या प्रसंगातून शिकण्यासारखी गोष्ट उतरणाऱ्या विमानाच्या बाजूलाही आहे. उत्तर आले, एवढ्यावर समाधान मानू नये. ते कोणत्या विमानाने दिले हे कळले नसेल तर पुन्हा विचारावे, आणि तरीही खात्री पटली नाही तर न उतरता वर जाऊन एक फेरी मारावी. आपल्या मुलीला या फेरीचा कधीही संकोच वाटू नये, एवढे तिला अवश्य सांगा.

प्रश्न : अशा विमानतळावर आग लागल्यास ती विझवणारे कोणी असते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : क्विन्सीत त्या वेळी नव्हते, आणि जीवितहानी वाढण्याचे तेही एक कारण ठरले. टक्कर झाल्यावर प्रवासी विमानातले लोक जिवंत होते. मदतीला धावलेल्या माणसांनी दार उघडण्याचा प्रयत्न केला, पण ते अडकून बसले, आणि शहराचे अग्निशामक दल पोचेपर्यंत आगीने व धुराने विमान व्यापले होते. दार न उघडणे आणि पुरेशी अग्निशमन व्यवस्था नसणे, या दोन्ही गोष्टींमुळे जीवितहानी वाढली असे मंडळाने स्पष्ट लिहिले आहे. अशी व्यवस्था बंधनकारक करणारे, विमानतळांच्या प्रमाणपत्राचे तेव्हाचे नियम ३०हून अधिक आसनांच्या विमानांपुरते होते. १० ते ३० आसनांची नियमित प्रवासी विमाने जिथे येतात, ते विमानतळ त्या नियमांखाली २००४ साली आणले गेले. आठ वर्षांचा हा विलंब मला क्षम्य वाटत नाही. तिकीट काढून बसलेल्या प्रवाशाच्या जिवाची किंमत विमानातल्या आसनांच्या संख्येवरून ठरता कामा नये.

प्रश्न : आता प्रत्येक विमानाची जागा पडद्यावर दाखवणारी यंत्रे आहेत. मग हा धोका संपला नाही का?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : कमी झाला आहे, पण संपलेला नाही. आपली जागा आपोआप कळवत राहणारे यंत्र अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बऱ्याच हवाई क्षेत्रांत सक्तीचे झाले. लहान विमानतळांभोवतीच्या सगळ्या आकाशात मात्र ते सक्तीचे नाही. मनोरा नसलेल्या बहुतेक विमानतळांवर तर रेडिओचीही सक्ती नाही, त्यामुळे रेडिओ नसलेले एखादे जुने विमान नियमाला धरूनच सर्किटमध्ये येऊ शकते.

शिवाय ऐकू येत असूनही टक्कर होते. कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल येथे १८ ऑगस्ट २०२२ रोजी एक सेस्ना १५२ सर्किटमध्ये होते आणि दोन इंजिनांचे सेस्ना ३४० सरळ फायनलवर, नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने येत होते. दोघेही रेडिओवर बोलत होते, तरी विमाने धावपट्टीजवळ हवेत आदळली आणि तिघे दगावले. पंखांचा अडथळाही विसरू नका. ज्याचे पंख खाली असतात त्या विमानातून खालचे दिसत नाही आणि ज्याचे पंख वर असतात त्यातून वरचे दिसत नाही. फायनलवर पहिले विमान दुसऱ्याच्या नेमके वर आले, तर दोघेही एकमेकांना न पाहता उतरत राहू शकतात. म्हणूनच धावपट्टीवर जाण्याआधी, टॅक्सीमार्गावर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावर) असतानाच, विमान वळवून फायनलची पूर्ण रेषा डोळ्यांनी तपासायची असते, आणि रेडिओवर शांतता असली तरीही ती तपासायची असते.